पाळण्यातले बाळ, डेंग्यू आणि प्रयोगशाळेतील उंदीर

गेल्या पावसाळ्यात आमची भाची माहेरपणास आली होती. पहिलेच बाळ, पाच महिन्यांचे. एके दिवशी दुपारी शाळेतून घरी येतो तो घरात गंभीर खल चाललेला. बाळाला अंगावर पाजणे बंद करून वरचे दूध सुरू करावे की काय, हा प्रश्न होता. कारण विचारता भाचीने मोबाइलवर आलेला एक मजकूर आमच्यापुढे धरला.

"मामू, मला लग्नाआधी डेंग्यू झाला होता ना? मग हे वाचा. आईला डेंग्यू होऊन गेलेला असला तर तिच्या दुधातून बाळाच्या अंगात असे काही जाते, की पुढे बाळाला डेंग्यू झालाच तर तो जिवावर बेततो. उंदरांवर प्रयोग करून सिद्ध केले आहे म्हणतात."

आम्ही पडलो विज्ञानाचे शिक्षक. घरच्या मंडळींना वाटले, आता एका शब्दात निकाल लागेल. पण तो मजकूर सर्वस्वी खोटा नव्हता, हीच तर अडचण होती. तसा प्रयोग झालेला आहे, चांगल्या प्रयोगशाळेत व चांगल्या रीतीने झालेला आहे, आणि त्यात जे दिसले तेही खरे आहे. चूक होती ती त्यावरून काढलेल्या अनुमानात. निव्वळ खोट्याला 'खोटे' एवढे म्हणून मोकळे होता येते, अर्ध्या खऱ्याला मात्र सबंध तास घ्यावा लागतो. तो तास आम्ही त्या दिवशी घरी घेतला, पुढे नववीच्या वर्गात घेतला. आणि सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागावयास ट्रस्टचे कार्यवाह आले, तेव्हा हाच विषय लिहून काढावा असे ठरविले. आपल्या सभासदांच्या घरांत पाळणे पुष्कळ आहेत, आणि बेळगावचा पावसाळा काही लवकर आटोपत नाही.

प्रथम रोगाविषयी थोडेसे. डेंग्यू म्हणजे जुन्या लोकांचा हाडमोड्या ताप. तो एका विषाणूमुळे होतो व ज्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात त्या एडिस इजिप्ती नावाच्या डासाची मादी तो पसरविते. हा डास गटारातला नव्हे. त्याला घरातले साठविलेले स्वच्छ पाणी लागते, आणि तो चावतो दिवसा. या विषाणूचे चार प्रकार आहेत, आणि पुढील सारी गुंतागुंत या चार आकड्यातून निघते. एका प्रकाराचा डेंग्यू होऊन गेला की त्या प्रकारापासून माणूस बहुधा जन्मभर सुरक्षित होतो. उरलेल्या तिन्हींपासून मात्र संरक्षण मिळते ते काही महिन्यांपुरतेच. एवढेच असते तर फारसे बिघडले नसते. परंतु काही वर्षांनी दुसऱ्या प्रकाराची लागण झाली, तर ती पहिल्यापेक्षा अधिक घातक ठरण्याचा संभव वाढतो. एकदा देवी आल्या की पुन्हा येत नाहीत, हे ज्या पिढ्यांनी पाहिले त्यांना हे उफराटेच वाटेल.

घातक म्हणजे काय होते? घरोघर 'प्लेटलेट किती?' हा एकच आकडा विचारला जातो. तो महत्त्वाचा नाही असे नव्हे. पण रोगी दगावतो तो बहुधा बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागल्यामुळे. रक्तातला पाण्यासारखा भाग वाहिन्यांतून बाहेर पडून पोटात व छातीत साठतो, उरलेले रक्त दाट होते, नाडी क्षीण होते, हातपाय गार पडतात. विशेष हे की, ही वेळ ताप चढलेला असताना येत नाही. ती बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरू लागला म्हणजे येते. 'आता बरे वाटते आहे' असे घरचे म्हणतात तेव्हाच डोळ्यांत तेल घालून पाहावयाचे असते.

आता बाळांचे कोडे. १९५८ साली बँकॉक शहरात या घातक डेंग्यूची मोठी साथ आली, आणि नंतरच्या वर्षांत तेथे स्कॉट हॉलस्टेड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी इस्पितळात येणाऱ्या मुलांची वये व रक्ततपासण्या बारकाईने मांडून पाहिल्या. त्यांना दोन गट आढळले. एक गट थोड्या मोठ्या मुलांचा. यांना डेंग्यूची दुसरी लागण झालेली होती, म्हणजे वर सांगितलेला नियम लागू पडत होता. दुसरा गट वर्षाच्या आतील बाळांचा, आणि यांची लागण पहिलीच होती! पहिल्याच लागणीत ही बाळे एवढी का आजारी पडावीत? शिवाय त्यांतही एक गंमत होती. अगदी लहान, दोन-तीन महिन्यांची बाळे या गटात क्वचितच होती. सर्वांत जास्त बाळे होती सुमारे सहा ते नऊ महिन्यांची. वर्ष उलटले की आकडा पुन्हा खाली येत होता.

या चढउताराचा अर्थ लावण्यासाठी आईकडे जावे लागते. एखादा रोग होऊन गेला म्हणजे रक्तात त्या रोगाला ओळखणारे प्रतिपिंड तयार राहतात. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईच्या रक्तातील हे प्रतिपिंड वारेतून पोटातल्या बाळाकडे जातात. बाळ जन्मते ते आईची ही शिदोरी घेऊनच. पण शिदोरीत नवी भर पडत नाही. महिना-सव्वा महिन्यात ती निम्मी, पुढच्या तेवढ्याच काळात निम्म्याची निम्मी, अशी ओसरत जाते. वर्गात आम्ही हे आण्यांच्या हिशेबाने सांगतो. मुलांना आणे ठाऊक नाहीत, पण सोळाचे आठ, आठाचे चार त्यांना चटकन कळते. जन्माच्या वेळी सोळा आणे, आणि पाच-सहा महिन्यांनी हाती उरतो अर्धा आणा.

सोळा आणे असताना बाळ सुरक्षित, हे समजते. शून्य उरल्यावर बाळ इतर कोणाही नव्या माणसासारखे, हेही समजते. मधल्या अर्ध्या आण्याने मात्र घात कसा व्हावा?

प्रतिपिंडाचा आकार दोन फाटे व एक दांडा असा असतो. दोन फाट्यांनी तो विषाणूला पकडतो. दांडा मात्र आपल्याच शरीरातील भक्षक पेशींसाठी असतो. या पेशींच्या अंगावर तो दांडा अडकेल अशा कड्या असतात, आणि पकडलेला माल त्या गिळून टाकतात. हवालदाराने चोराला पकडून ठाण्यात न्यावे तसे हे काम चालते. हवालदार पुरेसे असले व चोराच्या मुसक्या नीट बांधल्या असल्या तर चोराचा ठाण्यात निकाल लागतो. पण हवालदार एक-दोनच, तेही दुसऱ्या चोराचे वर्णन पाठ केलेले, आणि मुसक्या सैल, असे असले तर? मग सरकारी बंदोबस्तातच चोर ठाण्याच्या आत पोहोचतो. डेंग्यूच्या विषाणूला नेमके तेच हवे असते, कारण त्याची वाढच या भक्षक पेशींत होते. एरवी ज्या दारातून तो कष्टाने शिरला असता, त्या दारातून त्याला उचलून आत नेले जाते. प्रतिपिंडांनीच रोगाला हातभार लावावा अशी ही कल्पना. हॉलस्टेड यांनी ती हिरिरीने मांडली, आणि तिच्यावर पुढे अनेक वर्षे वाद झाले.

वाद होणारच, कारण इस्पितळातल्या बाळांवरून जे दिसते त्याला दुसरीही कारणे असू शकतात. तान्ह्या मुलांच्या बारीक रक्तवाहिन्या मुळातच मोठ्या माणसांपेक्षा अधिक झिरपणाऱ्या असतात. मग बाळ अत्यवस्थ झाले ते आईच्या प्रतिपिंडांमुळे, की निव्वळ बाळ आहे म्हणून? हे वेगळे काढावयाचे तर एकाच वयाची, एकाच वाणाची, एकाच घरातली दोन पिल्ले हवीत. एकाच्या आईला डेंग्यू झालेला, दुसऱ्याच्या आईला न झालेला. आणि दोघांना एकाच दिवशी एकाच मापाने विषाणू टोचावयास हवा. हा प्रयोग माणसाच्या मुलांवर कोणी करणार नाही, करूही नये. उंदीर येथे लागतो.

उंदरांशी या रोगाचे नाते बरेच जुने आहे. त्याआधी काय होते ते ऐकले म्हणजे उंदराची किंमत कळते. १९०७ साली मनिला येथे ॲशबर्न व क्रेग या दोन लष्करी डॉक्टरांनी डेंग्यू हा गाळणीतून पार होणाऱ्या अतिसूक्ष्म जिवाचा रोग आहे हे दाखविले, ते रोग्याचे गाळलेले रक्त धडधाकट माणसांना टोचून. प्रयोगाचा प्राणी म्हणून माणूसच वापरला जात होता! मग १९३० साली मॅक्स थायलर यांनी पीतज्वराचा विषाणू पांढऱ्या उंदराच्या मेंदूत वाढतो असे दाखवून दिले आणि विषाणुशास्त्राला एक स्वस्त, लहान व लवकर वाढणारा प्राणी मिळाला. त्यांना पुढे १९५१ चे नोबेल पारितोषिक लाभले. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४३ साली, नागासाकीत डेंग्यूची साथ चालू असताना रेन किमुरा व सुसुमु होट्टा यांनी रोग्यांचे रक्त उंदरांच्या दूधपित्या पिल्लांच्या मेंदूत टोचून हा विषाणू वेगळा केला. युद्धामुळे त्यांचे काम जपानबाहेर लवकर पोहोचले नाही. तिकडे अमेरिकेचे आल्बर्ट सेबिन हवाई, न्यू गिनी व आपल्या कलकत्त्यात तापाने पडलेल्या सैनिकांचे रक्त घेऊन त्याच मार्गाने चालले होते. पोलिओच्या तोंडावाटे द्यावयाच्या लशीमुळे ज्यांचे नाव पुढे घरोघर झाले तेच हे सेबिन. डेंग्यूचे प्रकार एकाहून अधिक आहेत हे त्यांनीच ओळखले.

नवजात पिल्लेच का, हे कोणी विचारील. उंदराचे नुकते जन्मलेले पिल्लू म्हणजे दीडेक ग्रॅम वजनाचा, गुलाबी, बिनकेसांचा, डोळे मिटलेला जीव. गर्भात तो असतो अवघे वीसेक दिवस, आणि तीन आठवड्यांत त्याचे दूध सुटते. आपल्या बाळाचे सबंध वर्ष त्याच्या काही आठवड्यांत उरकते म्हणा ना. या पहिल्या दिवसांत त्याची विषाणूशी लढण्याची व्यवस्था कच्ची असते. त्यामुळे मोठ्या उंदरात जो विषाणू रुजतच नाही तो पिल्लाच्या मेंदूत रुजतो, आणि काही दिवसांत पिल्लू लुळे पडते.

याच पद्धतीचा आपल्या भागाशी जवळचा संबंध आहे. १९५२ साली पुण्यास विषाणू संशोधन केंद्र निघाले. आज त्यास राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणतात. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली व माणसेही तापाने पडू लागली, तेव्हा पुण्याच्या शास्त्रज्ञांनी त्या नव्या विषाणूचा छडा उंदरांच्याच साहाय्याने लावला. तो माकडताप पुढे गोव्यातील सत्तरी व सिंधुदुर्गातील दोडामार्गापर्यंत येऊन पोहोचला, हे आपल्याकडील काजूच्या बागांत काम करणाऱ्यांस सांगावयास नकोच. आणि एक अभिमानाची गोष्ट. याच पुण्याच्या केंद्रात १९६७ साली के. आर. पी. सिंग यांनी डासांच्या अळ्यांतील पेशी काचेच्या भांड्यात वाढविण्यात यश मिळविले. त्या पेशींच्या एका शाखेत जगभरच्या प्रयोगशाळा डेंग्यूचा विषाणू वाढवू लागल्या आणि निव्वळ विषाणू वाढविण्यासाठी उंदरांची पिल्ले मारण्याचे काम पुष्कळच कमी झाले. त्या मुक्या जीवांवर पुण्याचे हे उपकारच.

परंतु दूधपित्या पिल्लाला एक मोठी मर्यादा होती. ते मरे ते मेंदूच्या विकाराने. माणसाचे बाळ डेंग्यूने दगावते ते रक्तवाहिन्या झिरपल्याने. म्हणजे पिल्लू हे विषाणू वाढविण्याचे भांडे म्हणून उत्तम, पण रोगाचा आरसा म्हणून निरुपयोगी. शिवाय मोठ्या उंदराला तर डेंग्यू होतच नव्हता. याचे कारण कळावयास बरीच वर्षे लागली.

पेशीवर विषाणूचा हल्ला झाला की ती इंटरफेरॉन नावाचे द्रव्य सोडते. १९५७ साली आयझॅक्स व लिंडेनमान यांनी ते शोधले. याला आम्ही दवंडी म्हणतो. दवंडी ऐकून शेजारच्या पेशी कडीकुलपे लावून बसतात. डेंग्यूचा विषाणू मोठा लबाड. माणसाच्या पेशीत शिरल्यावर, दवंडी ऐकून आत निरोप नेणारे जे प्रथिन असते त्याचाच तो नाश करवितो. पण उंदराचे हे प्रथिन थोडे निराळ्या घडणीचे आहे आणि त्याच्यापुढे विषाणूची मात्रा चालत नाही. ही गोष्ट २०१० साली उघड झाली. उंदराला डेंग्यू होत नाही तो एवढ्याशा फरकामुळे. माणूस व उंदीर यांत किती साम्य आहे आणि कोठे नाही, हे असे एकेका प्रथिनापर्यंत जाऊन तपासावे लागते.

तोपर्यंत शास्त्रज्ञांनी वाट काढलेली होतीच. ज्यांच्या पेशींना दवंडी ऐकणारे कानच नाहीत असे उंदरांचे वाण तयार करण्यात आले. १९९९ साली अशा उंदरांना डेंग्यूची लागण होते असे दिसले. पुढे २००६ च्या सुमारास विषाणूचा असा वाण हाती आला की ज्याने या उंदरांत रक्तवाहिन्या झिरपण्याचा विकार होतो. अखेर आरसा मिळाला. २०१० साली अमेरिकेतील दोन निरनिराळ्या प्रयोगशाळांनी अशा उंदरांना आधी प्रतिपिंड टोचून मग विषाणू दिला. थोडे प्रतिपिंड दिले तर रोग बळावला, भरपूर दिले तर उंदीर वाचले. हॉलस्टेड यांचा अर्धा आणा प्रत्यक्ष दिसला तो येथे.

मात्र टोचलेले प्रतिपिंड म्हणजे आईकडून आलेले नव्हेत. ती कसर २०१४ साली सिंगापूरच्या सिल्व्ही अलोन्सो व त्यांच्या सहकाऱ्यांनी भरून काढली. त्यांनी अशा वाणाच्या माद्यांना डेंग्यूच्या पहिल्या प्रकाराची लागण केली, त्या बऱ्या झाल्यावर त्यांना पिल्ले होऊ दिली, आणि ती पिल्ले थोडी वाढल्यावर त्यांना दुसऱ्या प्रकाराचा विषाणू दिला. शेजारी, डेंग्यू न झालेल्या माद्यांची तेवढ्याच वयाची पिल्ले. पहिली पिल्ले लवकर मेली, त्यांच्या रक्तात विषाणू जास्त आढळला व रक्तवाहिन्या अधिक झिरपल्या. मग एक सौम्य केलेला विषाणू देऊन पाहिला. त्याने साध्या माद्यांच्या पिल्लांचा केसही वाकडा झाला नाही. डेंग्यू झालेल्या माद्यांची पिल्ले त्यानेही दगावली. आणि पिल्लांचे वय बदलले तसा परिणामही बदलला, म्हणजे बँकॉकच्या बाळांतील चढउताराची छाया येथेही उमटली. वय तेच, वाण तोच, विषाणू तोच. फरक एकच, आईचा. इस्पितळातल्या नोंदींवरून जे कधीच वेगळे काढता आले नसते ते येथे वेगळे निघाले. आमच्या मते इतका नेटका प्रयोग शाळेच्या पुस्तकात घालावा.

आता भाचीच्या मोबाइलवरच्या मजकुराकडे येऊ. त्याच प्रयोगशाळेने २०१६ मध्ये पुढचा प्रश्न विचारला: पिल्लाला हे प्रतिपिंड गर्भात असतानाच मिळतात की दुधातून? यासाठी त्यांनी पिल्लांची अदलाबदल केली. डेंग्यू झालेल्या मादीची पिल्ले साध्या मादीच्या अंगावर, आणि साधीची पिल्ले डेंग्यू झालेलीच्या अंगावर. दाईचे दूध म्हणा ना. आढळले असे की, उंदरांत बहुतेक प्रतिपिंड दुधातून जातात, आणि धोक्याचा काळ दुधामुळे लांबतो. हेच वाक्य उचलून कोणीतरी मजकूर केला होता. त्याच प्रयोगात, आईला झालेल्याच प्रकाराचा विषाणू पिल्लाला दिला तर दुधाने त्याचे रक्षण केले, असेही दिसले. ते वाक्य मजकुरात नव्हते.

उंदरांत असे घडते कारण उंदराच्या पिल्लाचे आतडे पहिले दोन-तीन आठवडे दुधातले हे प्रतिपिंड अखंड स्वरूपात शोषून रक्तात घेते. त्यासाठी आतड्याच्या अस्तरात खास व्यवस्था असते. माणसाच्या बाळाची रीत उलट आहे. त्याला रक्तातले प्रतिपिंड मिळतात ते जन्माआधी, वारेतून. आईच्या दुधातील प्रतिपिंड मुख्यत्वे निराळ्या जातीचे असतात. ते आतड्याच्या आतल्या बाजूसच पहारा करतात, जुलाबासारख्या रोगांपासून राखतात, आणि बाळाच्या रक्तात जवळजवळ उतरतच नाहीत. तेव्हा भाचीच्या बाळाला तिच्या जुन्या डेंग्यूची जी काही शिदोरी मिळावयाची होती ती जन्माच्या दिवशीच मिळून गेली होती. दूध तोडून त्यातला कणही परत घेता आला नसता. गेले असते ते फक्त दूध.

हे सांगितल्यावर भाचीच्या डोळ्यांत पाणी आले. चार दिवस ती बाळाला धास्तीने पाजत होती, हे आम्हांस तेव्हा कळले.

डेंग्यू असलेल्या मुलुखात कोट्यवधी माता पूर्वी कधी ना कधी डेंग्यू होऊन गेलेल्या आहेत. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचेच दूध द्यावे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला त्यांच्यासाठीही तोच आहे. वरच्या दुधाची बाटली, तिचे उकळणे, पावसाळ्यातले पाणी आणि जुलाब यांनी आपल्याकडे किती बाळे गमावली, याची आठवण आमच्या आईच्या पिढीला पुरेपूर होती.

उंदरांच्या पुराव्याने सारा वाद मिटला असेही नाही. २००९ साली फिलिपाइन्समधील बाळांच्या एका अभ्यासात, गंभीर आजारी पडलेली व सौम्य आजारी पडलेली बाळे यांच्या रक्तातील रोग वाढविण्याच्या शक्तीत अपेक्षित फरक आढळला नव्हता. उलट २०१७ साली निकाराग्वातील मुलांच्या दीर्घ अभ्यासात, प्रतिपिंडांचे प्रमाण एका विशिष्ट मधल्या पट्ट्यात असलेल्या मुलांना गंभीर डेंग्यूचा धोका कित्येक पट अधिक दिसला. आमचा स्वतःचा कल असा की, अर्धा आणा हे एक खरे कारण आहे, पण एकमेव नव्हे. अशा पिल्लाला दवंडी ऐकू येत नाही हे विसरून चालणार नाही. माणसाच्या बाळाला ती ऐकू येते.

ही चर्चा केवळ विद्वानांची नाही हे फिलिपाइन्सलाच फार महागात कळले. २०१६ साली तेथे शाळकरी मुलांना डेंग्यूची एक नवी लस टोचण्याची मोठी मोहीम निघाली व आठ लाखांवर मुलांनी ती घेतली. ज्यांना पूर्वी कधीच डेंग्यू झाला नव्हता त्यांच्यात ही लस पहिल्या लागणीसारखे काम करील आणि पुढची खरी लागण त्यांना जड जाईल, अशी भीती हॉलस्टेड यांनी बोलून दाखविली होती. २०१७ च्या अखेरीस लस करणाऱ्यांनीच ती शक्यता मान्य केली आणि मोहीम थांबली. त्यातून लोकांचा गोवरासारख्या उत्तम लशींवरचाही विश्वास ढळला, ते नुकसान निराळेच. चारही प्रकारांपासून सारखे संरक्षण देणारी लस करणे इतके कठीण का, आणि तान्ह्या बाळांसाठी ती का नाही, याचे उत्तर या अर्ध्या आण्यात आहे.

वर्गात हा विषय निघाला की एखादी मुलगी हमखास विचारते, "सर, त्या पिल्लांचे काय?" हा प्रश्न आम्हांस आवडतो व त्याचे पूर्ण समाधानकारक उत्तर आमच्याजवळ नाही. १९५९ साली रसेल व बर्च या दोघा इंग्रजांनी तीन गोष्टी सांगितल्या: प्राण्याऐवजी दुसरे काही चालत असेल तर ते वापरा, जमेल तितके थोडे प्राणी घ्या, आणि वेदना कमीत कमी होऊ द्या. आपल्याकडे १९६० साली प्राण्यांच्या छळाविरुद्ध कायदा झाला व त्याखाली अशा प्रयोगांवर देखरेख ठेवली जाते. ज्या जिवाकडून एवढे घेतले त्याच्या साक्षीचा उपयोग निष्काळजीपणे करणे, आणि त्यावरून एखाद्या बाळाचे दूध तोडणे, हा मात्र आम्हांस दुहेरी अन्याय वाटतो.

मातांसाठी कामाचे सांगावयाचे ते असे. बाळ दिवसा झोपते आणि हा डासही दिवसाच चावतो, म्हणून पाळण्यावर जाळी दुपारीसुद्धा हवी. रात्रीपुरती मच्छरदाणी लावून भागत नाही. नळाला रोज पाणी येत नाही अशा वस्त्यांत पिंपे, रांजण, हौद भरून ठेवणे भागच असते. ती घट्ट झाकावी व आठवड्यातून एकदा रिकामी करून काठापर्यंत खसखसून घासावी. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण या डासाची अंडी भांड्याच्या काठाला चिकटून कोरडी राहिली तरी कित्येक महिने जिवंत असतात. बाळाला ताप आला तर ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेन घरच्या घरी देऊ नये. तापावर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने. आणि ताप उतरला त्या दिवशी निर्धास्त होऊ नये. बाळ दूध ओढत नाही, सारखे ओकते, लंगोट बराच वेळ कोरडा राहतो, हातपाय गार लागतात, अगदी मलूल पडते किंवा उगाच किरकिरते, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते, यांतले काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे. डेंग्यूच्या विषाणूवर नेमके औषध अद्याप नाही. पण शिरेतून योग्य वेळी, योग्य मापाने पाणी दिल्याने फार बाळे वाचतात.

आमच्या घरच्या परसात तीन पिंपे होती, त्यांतल्या एकाचे झाकण दोन वर्षांपासून फुटलेले. ज्या दिवशी विज्ञानाचा हा सबंध तास घेतला त्याच संध्याकाळी भाचीने ते आमच्या निदर्शनास आणून दिले. दुसऱ्या दिवशी बाजारातून झाकण आणले, आणि आमच्या पत्नीने जुन्या मच्छरदाणीची जाळी कापून पाळण्याला चारी बाजूंनी शिवून दिली. बाळ आता दीड वर्षाचे आहे आणि जाळी ओढून फाडण्याइतके मोठे झाले आहे.